जड मालाचे शॉकअप

वस्तीतल्या कुणाला काही विकत घ्यायचं असलं, तर त्याने ते जाणकारकाकांच्या नजरेस पडण्याआधी घेऊन टाकावं, असा एक अलिखित नियम होता. तरी माणसं चुकायची. फ्रीज घ्यायला निघालेला एखादा जिन्यात काकांना भेटायचा, "कुठे निघालात?" या साध्या प्रश्नाला साधं उत्तर देऊन बसायचा आणि तिथेच अडकायचा. काका त्याला कॉम्प्रेसर म्हणजे काय इथपासून सुरुवात करायचे. शेवटी तो जो फ्रीज घेऊन यायचा त्याचं दार उघडायला दोन माणसं लागायची. मात्र स्वस्त मिळालेला असायचा. काकांच्या सल्ल्याने कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नव्हतं, पण कुणाला महाग पडल्याचंही ऐकिवात नव्हतं, निदान खरेदीच्या दिवशी तरी.

'जाणकार' हे त्यांचं आडनाव नव्हे. ते तळमजल्यावरच्या शेजाऱ्याने ठेवलेलं नाव. काकांच्या सल्ल्याने घेतलेल्या वॉशिंग मशीनने न्हाणीघरातून थरथरत निघून स्वयंपाकघर गाठलं, त्या दिवशी त्याने ते रागाने ठेवलं. काकांनी ते कौतुक म्हणून स्वीकारलं.

काकांची उभी हयात एका पाइपच्या कारखान्यात, स्टोअरच्या खिडकीमागे गेली. नट मागायला आलेल्या माणसाला नट देण्याआधी हाच नट का, दुसरा का नको, हे विचारायचा त्यांना तिथे अधिकार होता. कारखान्याने मुदतीआधी निवृत्ती घेणाऱ्यांना चार पैसे जास्त द्यायचं ठरवलं, तेव्हा साहेबाने स्वतः येऊन काकांना अर्ज भरायला पेन दिलं. काकांना तो आपला मान वाटला. त्या पैशांतून त्यांनी एक जुना पिकअप घेतला.

पिकअप निवडतानाही त्यांनी डोकं चालवलं होतं. आधीचा मालक उशा आणि गाद्यांचा व्यापारी होता. "या गाडीने आयुष्यात वजन म्हणून पाहिलेलं नाही," काका सगळ्यांना सांगत. "तब्येत अगदी कोवळी आहे." आता त्या कोवळ्या तब्येतीच्या गाडीतून काका कुणाचं टेबल, कुणाचं कपाट, कुणाची घरबदलाची खोकी इकडून तिकडे नेत. धंदा वाढायला हरकत नव्हती. पण ज्याचं कपाट न्यायचं त्याला ते कपाट दुकानदाराने कसं गळ्यात मारलं, हे काका वाटेत समजावून सांगायचे. त्यामुळे एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दुसऱ्याचा टेम्पो शोधायचं.

टिकून राहिलेलं गिऱ्हाईक एकच. काकू. तेही फुकट.

काकू घरी केक करत. सुरुवात नातेवाइकांच्या वाढदिवसांपासून झाली, आणि आता स्वयंपाकघरात एक ओव्हन, बाहेरच्या खोलीत दुसरा मोठा ओव्हन आणि मधे काकांना उठायला-बसायला जेमतेम जागा, इथवर मजल गेली होती. वस्तीत काकूंना कसलंही टोपणनाव नव्हतं, फक्त ऑर्डरी होत्या. मोठा केक असला की त्या तो खोक्यात घालून मांडीवर घेत, काकांच्या शेजारी बसत आणि पोचवून येत. घरात पैसा कुठून येतो याबद्दल दोघांचं एकमत होतं, फक्त काका ते बोलून दाखवत नसत.

कुरबुर सुरू झाली ती एका मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोपाच्या केकवरून. तीन मजली केक होता. घरातून निघताना मजले एकावर एक होते. शाळेत पोचेपर्यंत वरचा मजला कडेला येऊन खाली वाकून बघत होता. काकूंनी शिक्षकांच्या खोलीत दार लावून घेतलं, पर्समधून पसरट सुरी काढली आणि बाहेर भाषणं चालू होती तेवढ्यात केक सरळ केला. भाषणं लांबली म्हणून इभ्रत राहिली.

"क्रीम सैल झालं होतं," काका परतीच्या वाटेवर म्हणाले.

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. "क्रीम नाही, तुमची गाडी सैल झालीय."

"गाडीला काय झालंय? हलते थोडी. हलणारच. गाडी आहे, भिंत नाही."

तेवढ्यात गतिरोधक आला. गाडी त्याच्यावरून गेली आणि गेल्यानंतरही बराच वेळ त्याची आठवण काढत राहिली. खाली, वर, खाली, वर. काकूंनी एक हात डॅशबोर्डवर आणि एक छपरावर टेकवला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही वाक्यं हातांनी बोलता येतात.

दुसऱ्या दिवशी काका गॅरेजमध्ये गेले. गॅरेज म्हणजे पत्र्याखालची तेलकट जागा, एक खड्डा, टायरांची उतरंड आणि त्या उतरंडीवर बसून फोन बघणारा मिस्त्री. मिस्त्रीने उठून गाडीच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडून दिला. गाडी, प्रत्येक गोष्टीला हो म्हणणाऱ्या माणसासारखी, मान डोलावत राहिली.

"गेलेत," मिस्त्री म्हणाला.

"काय गेलेत?"

"शॉकअप. चारही. ते बघा, ऑइल गळून धूळ बसलीय."

शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे काय हे काकांना अर्थात माहीत होतं. चाकाला बसलेला धक्का स्प्रिंग झेलते, आणि स्प्रिंगला नाचत राहू न देण्याचं काम त्या तेल भरलेल्या नळकांड्याचं. त्यांनी हे मिस्त्रीला सविस्तर सांगितलं. मिस्त्रीने ऐकून घेतलं, कारण त्याच्या फोनची बॅटरी संपली होती.

"कंपनीचे टाकतो," तो शेवटी म्हणाला. "नाहीतर साधे मिळतात, माझ्या ओळखीच्या दुकानात. तेही चालतात. सांगा, संध्याकाळपर्यंत बसवून देतो."

आता, ज्याच्या ओळखीच्या दुकानातून माल येतो त्याला मधे काय सुटतं हे काकांनी जगाला शिकवलेलं. ते स्वतः कसे फसणार? "विचार करून सांगतो," ते म्हणाले, आणि मिस्त्री पुन्हा टायरांवर जाऊन बसला. असे विचार करून सांगणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. त्यांच्या गाड्या गंजून जातात, विचार ताजे राहतात.

काकांनी विचाराला सुरुवात केली. जेवणाच्या टेबलावर केकच्या साच्यांना बाजूला सारून त्यांनी फोन उभा केला आणि एकामागून एक व्हिडिओ बघायला घेतले. एका व्हिडिओत एक माणूस शॉकअप करवतीने उभा कापून आत काय असतं ते दाखवत होता. दुसऱ्यात एक माणूस तेलाच्या शॉकअपला शिव्या घालून गॅसच्या शॉकअपची आरती केल्यासारखं बोलत होता, आणि तिसऱ्यात नेमकं उलट. काकांना तिन्ही पटले. जेवताना ते काकूंना म्हणाले, "तेल आणि गॅस यांचं भांडण आहे, ते आधी समजून घ्यायला हवं."

"शनिवारी चार मजल्यांचा केक आहे," काकू म्हणाल्या. "त्यांचं भांडण शुक्रवारपर्यंत मिटेल का?"

काका शॉकअप शोधताहेत ही बातमी वस्तीत पसरली, तेव्हा जे झालं ते काकांना अपेक्षित नव्हतं. लोक सल्ला द्यायला आले. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं, कुणी सोडतो का? दाराला दोघांनी हात लावावा लागणाऱ्या फ्रीजचा मालक जिन्यात त्यांना अडवून म्हणाला, "काका, घाई करू नका. दहा दुकानं फिरा." कुणी भंगारातून जुने आणून रंगवून घ्यायला सांगितलं. तळमजल्यावरचा शेजारी तर खुर्ची टाकून बसला. त्याची तेव्हा मागची भिंत पाडणं चालू होतं, अंगावर चुन्याची पांढरी धूळ होती, आणि चेहऱ्यावर फार दिवसांनी आलेलं समाधान.

"स्वस्तातलेच घ्या," तो म्हणाला. "वस्तू काय, थोडी चालतेबोलतेच. माझं मशीन बघा, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन येतं, पण कपडे धुतं."

हा टोमणा आहे हे काकांच्या डोक्यात शिरलं नाही. "बघ, सवय झाली ना?" ते म्हणाले. "मी तेव्हाच म्हटलं होतं."

शेजाऱ्याने उठून खुर्ची आत नेली.

सुट्या भागांच्या दुकानांची एक अख्खी गल्लीच होती. काका रोज सकाळी तिथे जात आणि ओळीने एकेक दुकान घेत. काउंटरवर शॉकअप ठेवायला लावत, दांडा आत दाबून बघत, तो किती वेळात वर येतो ते डोळे मिटून ऐकत. डोळे का मिटायचे हे दुकानदारांना कळत नसे, पण त्यामुळे गिऱ्हाईक फार जाणकार वाटत असे. मग काका भाव विचारत आणि डोळे उघडत. कंपनीचे फार महाग. साधे परवडणारे, पण मिस्त्रीने सुचवलेले, म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार. जुने, तेल भरून काळा रंग मारलेले तर इतके स्वस्त की काकांनाही लाज वाटली. तो रंग बोटाला लागत होता.

आणि मग गल्लीच्या टोकाच्या दुकानात, सगळ्यात वरच्या फळीवर, फाटक्या खोक्यांत त्यांना ते दिसले.

चार नग. कोरे. जाड. नेहमीच्या शॉकअपच्या शेजारी ठेवले तर मोठ्या भावासारखे दिसतील असे. दुकानदार शिडीवर चढून, धुळीने शिंकत ते खाली घेऊन आला.

"हे तुमच्याच गाडीला बसतात," तो म्हणाला. "पण हे जड मालाचे आहेत. याच गाडीचं जे जास्त वजन उचलणारं मॉडेल येतं ना, त्याचे. एका ठेकेदारासाठी मागवले होते, तो न्यायला आलाच नाही. मला जागा अडलीय, म्हणून निम्म्यात देतो."

"म्हणजे जास्त मजबूत."

"मजबूत आहेत. पण तुम्ही काय वाहता?"

"सगळंच," काका म्हणाले. 'केक' हा शब्द त्या गल्लीत उच्चारायचा धीर त्यांना झाला नाही.

"सगळं म्हणजे, वजन किती? रिकामी गाडी असेल तर हे फार कडक पडतील, आधीच सांगतो. मागाहून बोलायचं नाही."

पण काका आता ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. साध्या मालाच्या भावात जड मालाची वस्तू, आणि वर दुकानदार स्वतः ती विकायला कचरतोय, म्हणजे नक्कीच त्याचं नुकसान होतंय. काकांच्या हिशेबात दुकानदाराचं नुकसान हीच वस्तूची खरी हमी. त्यांनी दांडा दाबून बघितला. तो दबलाच नाही. "व्वा," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

मिस्त्रीने ते चार नग बघितले, गाडी बघितली आणि काकांकडे बघितलं. "कुणी सांगितले हे?"

"अभ्यास केला."

"बरं," मिस्त्री म्हणाला, आणि बसवून दिले. त्याला बसवायचे पैसे मिळणार होते, समजवायचे नाहीत.

गॅरेजमधून गाडी रस्त्यावर आली, आणि काकांना पहिल्यांदा कळलं की या रस्त्यावर एवढे खडे आहेत. लहान, मध्यम, गोल, अणकुचीदार, प्रत्येक खडा चाकातून वर येऊन आपली ओळख सांगून जात होता. पूर्वी गाडी डुलायची. आता ती डुलत नव्हती, ती थेट आदळत होती. एका ठिकाणी रस्त्यावर नुसता पांढरा पट्टा रंगवलेला होता, तोसुद्धा काकांना कंबरेत जाणवला. घरी पोचल्यावर ते उतरून गाडीभोवती फिरले, टायरला लाथ मारली आणि मोठ्याने म्हणाले, "आता कशी खंबीर वाटते."

शनिवारी चार मजल्यांचा केक निघाला. काकूंनी खोकी मांडीवर, पायापाशी आणि दोघांच्या मधे अशी बसवली. वळणावर गाडी जराही कलली नाही. काकांनी विजयाने शेजारी बघितलं. मग फरशीचा रस्ता लागला.

केक घसरला नाही, हे कबूल करायला हवं. तो जिथल्या तिथे राहिला आणि जिथल्या तिथेच तडकला. वरच्या साखरेच्या थरावर बारीक भेगा गेल्या, आणि काकूंनी दोन रात्री जागून केलेली साखरेची फुलं पाकळ्या पाकळ्या होऊन खोक्याच्या तळाशी जमली. काकूंनी झाकण उघडलं, बघितलं, झाकण लावलं. समारंभाच्या ठिकाणी त्यांनी भेगांवरून वितळलेलं चॉकलेट असं काही ओतलं की लोकांनी कौतुक केलं. परत येताना मात्र त्या गाडीत बसल्या नाहीत.

"मी चालत येते," त्या म्हणाल्या.

"एवढं लांब?"

"माझे मणके मला घरी लागणार आहेत."

काका एकटे घरी आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाट फार लांब वाटली, आणि ती फक्त कंबरेमुळे नव्हे. काकू तासाभराने आल्या, चपला काढल्या, ओव्हन पुसायला घेतला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पुढच्या ऑर्डरीपासून मी एक व्हॅन सांगितलीय. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या बाईंची. त्यांच्या गाडीत फुलं मोडत नाहीत, तर केकही मोडणार नाही."

"पैसे देऊन?"

"हो. पैसे देऊन."

त्या रात्री काका उताणे झोपू शकले नाहीत. काहीसं कंबरेमुळे, काहीसं फुलवालीमुळे.

सोमवारी ते शॉकअपच्या दुकानात हजर झाले. परत घेणार का, असं त्यांनी आडून आडून विचारलं. दुकानदार हातातला डबा पुसत राहिला.

"बसवलेला माल परत घेत नाही. आणि मालात खोट काय आहे? माल चांगला आहे, काका. तुमची गाडी हलकी आहे."

हे तो टाळायला म्हणून बोलला होता. पण काका तिथेच थबकले. दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, चुकलंच आपलं, हे विकून साधे टाकू. काकांच्या डोक्यात प्रकाश पडला तो वेगळ्याच बाजूने. शॉकअप चांगले आहेत. मग बदलायचं काय? गाडीचं वजन.

घरी येऊन त्यांनी आधी काकूंची मैद्याची पोती गाडीच्या मागच्या, माल ठेवायच्या हौद्यात ठेवून बघितली. फरक पडला, पण काकूंना मैदा लागायचा. मग त्यांची नजर तळमजल्याच्या मागे गेली. शेजाऱ्याने पाडलेल्या भिंतीच्या विटांचा ढीग तिथे पडून होता, आणि तो कुठे टाकायचा या विवंचनेत शेजारी होता.

"विटा नेऊ का?" काकांनी विचारलं.

"किती?"

"सगळ्या."

शेजाऱ्याने एवढ्या वर्षांत काकांकडे इतक्या प्रेमाने पाहिलं नव्हतं. तो स्वतः भरायला आला. विटांचे थर चढत गेले, मागच्या स्प्रिंगचे पाटे हळूहळू बसत गेले, आणि हौदा भरला तेव्हा गाडी जमिनीलगत, पोटभर जेवल्यासारखी, तृप्त उभी होती. काकांनी ती रस्त्यावर काढली. खडे गायब झाले होते. गतिरोधकावरून गाडी एकदा वर गेली, एकदा खाली आली आणि गप्प झाली. काका वस्तीला तीन चकरा मारून आले. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते बघून शेजाऱ्याला क्षणभर आपण जाणकार हे नाव उगाच ठेवलं असं वाटलं. क्षणभरच.

पुढचे काही आठवडे काका विटा घेऊन हिंडत होते. गिऱ्हाइकाचं कपाट न्यायचं असलं की प्रश्न यायचा, कारण हौदा विटांनी भरलेला. मग काका अर्ध्या विटा गिऱ्हाइकाच्या दारात उतरवायचे, कपाट चढवायचे, पोचवायचे, परत येऊन विटा चढवायचे. एका बाईंनी विचारलं, "हे काय करताय?" काका म्हणाले, "संतुलन." डिझेल दुप्पट जळत होतं, पण त्याबद्दल त्यांनी काकूंना सांगितलं नाही, आणि काकूंनी विचारलं नाही. पंपावरचा माणूस त्यांच्या ओळखीचा होता.

मिस्त्रीला भेटले तेव्हा त्याने गाडीकडे बघून डोक्याला हात लावला. "अहो काका, हे काढा आणि विका. मी साधे बसवून देतो. विटांचं वजन वाहून तुम्ही टायरांची वाट लावाल."

"टायर बदलताना बघू," काका म्हणाले. "तेव्हा अभ्यास करू."

आणि एके दिवशी बाजाराच्या वळणावर एका गृहस्थाने हात करून त्यांना थांबवलं. पायांत चिखलाचे बूट, खिशात मोजपट्टी. त्यांच्या बांधकामावर गवंडी हात बांधून बसले होते, कारण विटांची गाडी आलीच नव्हती.

"विटा कशा दिल्या?"

"विकायच्या नाहीत," काका म्हणाले.

"मग कुठे चालल्यात?"

काकांनी तोंड उघडलं आणि खरं सांगितलं तर हा माणूस काय म्हणेल, हे बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं. त्यांनी तोंड मिटलं. बांधकामवाल्याला वाटलं, गडी घासाघीस करतोय. त्याने स्वतःच भाव वाढवून सांगितला. काका अजून गप्पच होते, कारण त्यांना सुचतच नव्हतं. त्याने आणखी वाढवला, आणि वर म्हणाला, "उद्यापासून भट्टीवरून माझा माल आणून द्याल का? रोजच्या खेपा आहेत. माझा गाडीवाला सारखा पाटे तुटले, शॉकअप गेले अशी रड लावतो. तुमची गाडी एवढा माल घेऊन कशी सरळ चाललीय."

गाडीबद्दल कुणी चांगलं बोललं की काका इंजिन बंद करून खाली उतरायचे. या वेळी तर शॉकअपबद्दल बोललं होतं. त्यांनी त्या माणसाला शॉकअपचं सगळं सांगितलं, तेल, गॅस, दांडा, सगळं. त्यानेही उभं राहून ऐकलं, कारण त्याला विटा हव्या होत्या.

तेव्हापासून काका विटा वाहतात. सकाळी भट्टीवर जातात तेव्हा गाडी रिकामी असते, आणि तो रस्ता ते सीटवरून अर्धं उठून, स्टिअरिंगला धरून काढतात. येताना गाडी भरलेली असते, मग ते मागे टेकून बसतात आणि रस्त्याच्या कडेच्या लोकांकडे जरा वरून बघतात. दिवसाच्या निम्म्या खेपा नरकयातना आणि निम्म्या राजेशाही. पैसा बरा येतो. विटांना सल्ला देता येत नाही आणि विटा दुसरा टेम्पो शोधत नाहीत, त्यामुळे धंदा टिकून आहे. काकांना यात योगायोग दिसत नाही. "शॉकअप घेतानाच मी पुढचा विचार केला होता," असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगतात. वस्तीत सगळे ते ऐकून घेतात, कारण काका आता दिवसभर घरी नसतात, आणि त्यामुळे लोकांना आपापले फ्रीज निवांतपणे निवडता येतात.

काकूंचे केक फुलवालीच्या व्हॅनमधून जात राहिले. भाडं ठरलेलं, वेळ ठरलेली, केक सरळ. काकांनी त्या व्हॅनबद्दल बरंच काही शोधून काढलं होतं, पण ऐकायला कुणी थांबलं नाही.

मग एका दुपारी फुलवालीचा निरोप आला की व्हॅन चालू होत नाहीये. काकू तयार केक टेबलावर ठेवून खिडकीशी उभ्या. कुण्या म्हातारा-म्हातारीच्या लग्नाच्या वाढदिवसाचा केक होता, दोनच मजले, पण वर पातळ साखरेचं एक छोटं घर उभं केलेलं, ज्याच्याकडे मोठ्याने बघायचीसुद्धा भीती वाटावी. काका तेवढ्यात जेवायला घरी आले होते. खाली पिकअप विटांनी भरून उभा होता, आणि केक पोचवायचा होता त्याच बाजूला माल उतरवायचा होता. दोघांनाही ते माहीत होतं.

"भरलेली आहे," काका शेवटी म्हणाले.

काकूंनी खिडकीतून खाली गाडीकडे बघितलं. मग खोकं उचललं.

काका इतके हळू गाडी चालवत होते की मागचे लोक हॉर्न वाजवत होते. फरशीच्या रस्त्यावर काकूंनी सवयीने एक हात छपराकडे नेला, आणि तो तिथवर न टेकवता पुन्हा खोक्यावर आणला. गतिरोधक आला. गाडी वर गेली, खाली आली, थांबली. काकूंनी खोक्याचं झाकण बोटाने उचलून आत बघितलं. साखरेच्या घराचं धुराडंसुद्धा जागेवर होतं. त्यांनी झाकण लावलं.

काका समोर रस्त्याकडे बघत होते. त्यांच्या ओठांवर आलेलं एक अख्खं भाषण, तेलापासून गॅसपर्यंत, त्यांनी कसंबसं गिळलं. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

म्हातारा-म्हातारीच्या दाराशी गाडी थांबली. काकू केक घेऊन उतरल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"चांगली चालली गाडी," त्या म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. "तुला किती वेळ लागेल आत?"

"थोडा."

"मग मी विटा उतरवून येतो."

काकू तोवर दारापाशी पोचून बेल वाजवायच्या बेतात होत्या. त्यांनी हात मागे घेतला आणि मागे वळून म्हणाल्या, "थांबा. मला घरी सोडा, मग उतरवा."

काका थांबले. आत केक ठेवून काकू बाहेर येईपर्यंत ते गाडीजवळ उभे होते, आणि समोरच्या बंगल्याच्या माळ्याला जवळ बोलावून, त्याच्या ढकलगाडीची चाकं कशी चुकीची आहेत ते सांगत होते.